खुनी पुरे, कपाट उघडा

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना सहज विचारून बघा, वीकएण्डला काय पाहणार? निम्म्या टीमचं उत्तर एकच येईल. कुठली तरी सीरियल किलरवाली सीरिज, नाहीतर त्याच जातीची जाडजूड कादंबरी. आठवडाभर टार्गेट, अप्रेझल, क्लायंटची कटकट, आणि सुटीत रिलॅक्स व्हायला काय, तर नदीत सापडलेली डेड बॉडी! माझ्या आईला हे कोडं अजून सुटलेलं नाही. ‘हे बघून तुला बरं कसं वाटतं गं?’ असं ती दर रविवारी विचारते.

बरं वाटतं खरं. पण का?

रेडिमेड उत्तरं भरपूर आहेत. पांघरुणात बसून सेफ भीती, फुकटची अॅड्रेनलिन वगैरे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास छापला. खऱ्या खुनांची पुस्तकं पुरुषांपेक्षा बायकांना जास्त ओढतात, आणि ज्यात बाई सुटून कशी येते हे कळतं, ती विशेष, असं त्यांना दिसलं. म्हणजे आपण एक प्रकारे रंगीत तालीम करतो. पटण्यासारखं आहे. रात्री साडेअकराला कॅबमध्ये बसून नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. पण मला हे अर्धंच उत्तर वाटतं.

उरलेलं अर्धं या जॉनरच्या बायबलमध्येच आहे. थॉमस हॅरिसची ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’. कादंबरी १९८८ची, सिनेमा १९९१चा, ऑस्कर पाच. (तेव्हा स्पॉइलरची तक्रार कृपया करू नये.) सगळ्यांना आठवतो तो डॉ. हॅनिबल लेक्टर. माणसं खाणारा, सुसंस्कृत, भयंकर हुशार. अँथनी हॉपकिन्स अख्ख्या सिनेमात थोडाच वेळ दिसतो आणि तेवढ्यात बेस्ट अॅक्टर घेऊन जातो. पोस्टर त्याचं, डायलॉग त्याचे, पार्टीत नक्कल त्याची.

आता जरा नीट आठवून बघा. ज्याला शोधायचंय तो बफेलो बिल नक्की सापडतो कशामुळे? लेक्टर कोडी घालतो, हिंट देतो, मान्य. एफबीआयची फौज विमानाने जाते आणि चुकीच्या घरावर धाड घालते. बरोबर दारावर पोचते ती क्लॅरिस स्टार्लिंग. ट्रेनी! आपल्या भाषेत प्रोबेशनवर. ती काय करते, तर ओहायोतल्या एका छोट्या गावात, पहिल्यांदा मारल्या गेलेल्या मुलीच्या घरी जाते. फ्रेडरिका नाव तिचं. तिच्या खोलीत उभी राहते, दागिन्यांची पेटी उघडते, अस्तरात लपवलेले फोटो काढते. मग कपाट उघडते. आत एक अर्धवट शिवलेला ड्रेस, त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे टाचलेले. तसेच तुकडे तिने दुसऱ्या एका मुलीच्या प्रेतावर पाहिलेले असतात, कातडीतून कापून काढलेले. खुनी शिवणकाम जाणणारा आहे हे तिला तिथे, त्या कपाटासमोर कळतं.

त्याआधी, नदीतून काढलेल्या मुलीची तपासणी चालू असते तेव्हाही तसंच. बाकीचे पुरुष जखमा बघत असतात. क्लॅरिस बघते की हिने कान तीनदा टोचलेत, नेलपॉलिश चमकीचं आहे, म्हणजे ही खेड्यातली नव्हे. एका मिनिटात ‘बॉडी’ची मुलगी होते.

मला वाटतं, आपल्याला बरं वाटतं ते याचं. कुणीतरी इतकं निरखून बघतंय. एक साधी, फारशी कुणाची नसलेली मुलगी गेली, तर तिचं कपाट उघडायला कुणीतरी राज्य ओलांडून येतंय. जिला रोज आपला नंबर, आपला तिकीट आयडी, आपला एम्प्लॉयी कोड सांगावा लागतो, त्या पिढीला ही चैनच आहे.

चैन एवढ्यासाठी, की बाहेर असं घडत नाही. सिनेमातसुद्धा खरी धावपळ सुरू होते ती सिनेटरची मुलगी पळवल्यावर. आणि आपल्याकडे? दोन प्रकरणं घ्या. पुण्यात १९७६-७७मध्ये दहा खून झाले, चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. त्या प्रकरणाला आजही आपण ‘जोशी-अभ्यंकर’ म्हणतो. म्हणजे गेलेल्यांच्या आडनावांनी. मुंबईत साठच्या दशकात फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेली माणसं डोक्यात घाव घालून मारली जात होती. १९६८मध्ये माणूस पकडला गेला. ते प्रकरण ‘रामन राघव’. म्हणजे मारणाऱ्याच्या नावाने. बळी २३ की ४१, यावरही एकमत नाही. पुण्यातल्या घरांना आडनाव मिळालं, फुटपाथला आकडासुद्धा धड मिळाला नाही. राघववर श्रीराम राघवनने १९९१मध्ये फिल्म केली, २०१६मध्ये अनुराग कश्यपने त्याचं नाव उसनं घेऊन दुसरी. त्या फुटपाथवरच्या एकाचं तरी नाव तुम्हाला येतं का? मलाही नाही.

त्याहून वाईट निठारी. नोएडातल्या त्या घरामागच्या नाल्यात डिसेंबर २००६मध्ये लहान मुलांचे सांगाडे निघाले. त्याआधी कितीतरी महिने गरीब आईबाप पोलिस चौकीत मुलं हरवल्याचं सांगत होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. पुढे दोघांना फाशीच्या शिक्षा झाल्या. २०२३मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तपासाची सालं काढत त्या रद्द केल्या, आणि २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही सुटका केली. मग मुलांना मारलं कुणी? कादंबरीत हा प्रश्न चारशे पानांत सुटतो. इथे जवळपास वीस वर्षांनी तो पुन्हा पहिल्या पानावर आहे.

म्हणून मला या जॉनरचा राग येतो तो रक्ताबिक्तामुळे नाही. हॅरिसनंतर आलेल्या बहुतेकांनी लेक्टर उचलला आणि कपाट तिथेच सोडलं. खुनी हुशार, देखणा, ऑपेरा ऐकणारा. मुली मात्र पहिल्या पाच मिनिटांत मरायला आणलेल्या एक्स्ट्रा. खुद्द हॅरिसनेही १९९९च्या ‘हॅनिबल’मध्ये तेच केलं. तिथे लेक्टर जवळजवळ हीरो होतो आणि क्लॅरिसचं जे होतं ते वाचून मी पुस्तक आपटलं होतं. त्यातल्या त्यात ‘दहाड’ (२०२३) बघा. तिथे सोनाक्षी सिन्हाची सब-इन्स्पेक्टर ‘पळून गेली असेल’ म्हणून सोडून दिलेल्या मुलींच्या फायली एकेक करून उघडते.

आणि या वीकएण्डला वाचायचंच असेल तर हॅली रूबेनहोल्डचं ‘द फाइव्ह’ (२०१९). जॅक द रिपरने १८८८मध्ये लंडनमध्ये मारलेल्या पाच बायकांची चरित्रं. जॅक कोण होता याचा पुस्तकात शोधच नाही, खुनांचं वर्णनही जवळपास नाही. त्या पाचजणी कुठे जन्मल्या, कुणाशी लग्न केलं, घर कसं सुटलं, एवढंच. त्यातल्या कॅथरीन एडोजकडे मेल्यावर काय काय सापडलं याची पोलिसांनी तेव्हा यादी केली होती. एका डबीत चहाची पूड, एका डबीत साखर, पांढऱ्या चिंध्या, साबणाचा तुकडा, छोटा कंगवा आणि एकच लाल हातमोजा.