वाट पाहायची ती कोणी?

एकाच थ्रेडवर चालणाऱ्या रिअल-टाइम प्रोग्रॅमचा गाभा म्हणजे इव्हेंट लूप: घडलेल्या घटना उचलायच्या, एकेकीचे काम उरकायचे आणि पुढच्या घटनांची वाट पाहायची. वाट पाहण्याची ही एकच जागा. एखाद्या कामाने मध्येच स्वतःची वेगळी वाट पाहायला सुरुवात केली की उरलेली सगळी कामे तिष्ठत बसतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळाला एका फेरीसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ४८,००० हर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर भरणाऱ्या ध्वनी-प्रोग्रॅमला ५.३. अशा ठिकाणी सरासरी पाहून काही कळत नाही. हजार वेळा अर्ध्या मिलिसेकंदात परतणारा कॉल एकदाच दोनशे मिलिसेकंद अडला, तरी सरासरी एका मिलिसेकंदाच्या आतच राहते. खेळातल्या बारा फ्रेम मात्र गळालेल्या असतात.

नेटवर्कपुरता हा प्रश्न जुना आहे आणि बऱ्यापैकी सुटलेलाही. ४.२बीएसडी या युनिक्सने १९८३ मध्येच अनेक जोडण्यांची एकत्र वाट पाहणारा सिलेक्ट हा कॉल दिला. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये एका सर्व्हरवर दहा हजार जोडण्यांचा प्रश्न मांडला. त्यानंतर लिनक्सवर त्याच कामासाठी ईपोल आले आणि २००४ मध्ये त्याच वळणाचा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर माहिती नसेल तर कॉल अडत नाही, तसे सांगून लगेच परततो. ही सवय एकदा अंगवळणी पडली की सगळेच कॉल असे वागतील असे गृहीत धरले जाते.

फाइल तसे वागत नाही. लिनक्सवर साध्या फाइलला नॉन-ब्लॉकिंगची खूण लावता येते, पण तिचा उपयोग काही होत नाही. सिलेक्टच्या मते फाइल कायम तयारच असते. ईपोल तर साधी फाइल नोंदवूनच घेत नाही. फाइलचा हवा तो भाग कर्नलच्या कॅशमध्ये असेल तर वाचन मायक्रोसेकंदांत होते, नसेल तर फिरत्या डिस्कवर कित्येक मिलिसेकंद जातात, आणि फाइल नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर असेल तर पलीकडचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत. हा दोष प्रोग्रॅमरच्या यंत्रावर सहसा दिसत नाही याचे कारणही हेच: तिथे ती फाइल नुकतीच पाच वेळा वाचून झालेली असते.

त्याहून फसवा कॉल म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा. जोडणी नॉन-ब्लॉकिंग ठेवली, पण तिच्या आधीचा गेटअ‍ॅड्रइन्फो सरळ अडतो आणि त्याला वेळमर्यादा देण्याची सोयच नाही. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका नेमसर्व्हरची वाट पाच सेकंद पाहिली जाते आणि प्रयत्न दोनदा होतो. तिसरी जागा नोंदी लिहिण्याची. नोंदी पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असतील आणि तो मागे पडला, तर लिनक्सवर ६५,५३६ बाइटांचा पाइप भरताच लिहिणाराही अडतो. बिघाड शोधण्यासाठी वाढवलेल्या नोंदींनीच बिघाड घडवावा, हा प्रकार अनुभवी लोकांनाही चकवतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे अडणारा कॉल वेगळ्या थ्रेडवर पाठवणे. नोडमधल्या लिबयूव्ही या लायब्ररीकडे त्यासाठी मुळात चार थ्रेडचा पूल असतो, आणि फाइलींची कामे, नावांचा शोध, काही सांकेतिकीकरण हे सगळे त्यातच जाते. अलीकडच्या लिबयूव्हीत नावांच्या शोधाला पूलमधले निम्मेच थ्रेड मिळतात. म्हणजे दोन शोध अडले की तिसरे नाव रांगेत. बाहेरून असिंक्रोनस दिसणारा कॉल आत कुठे थांबतो हे ठाऊक असल्याशिवाय पूलचा आकार ठरवता येत नाही. लिनक्स ५.१ पासून अशी कामे कर्नलकडेच असिंक्रोनस सोपवणाऱ्या आयओ_युरिंगचा मार्गही खुला आहे, पण तो त्याच एका कर्नलपुरता.

पूल आला की वेळमर्यादेचा भ्रमही येतो. पायथनच्या असिंकआयओ या इव्हेंट लूपच्या लायब्ररीत थ्रेडवर दिलेल्या कामाभोवती मर्यादा लावली, तर ती संपल्यावर लूप पुढे जातो. थ्रेड मात्र तिथेच अडकून राहतो. अशी सोडून दिलेली कामे साचली की पूल गुपचूप संपतो. म्हणून मर्यादा सगळ्यात खालच्या कॉलवर, सॉकेटवरच, लावलेली बरी आणि पूलपुढच्या रांगेलाही कमाल लांबी हवी. निकाल परत आणताना थ्रेडने लूपच्या माहितीला हात लावू नये. निकाल रांगेत टाकून लूपला जागे करावे. तोवर मूळ खेळाडू खेळ सोडून गेलेला असू शकतो, किंवा नंतरच्या विनंतीचे उत्तर आधी येऊ शकते. प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन परतताना तो तपासणे हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्याजोगे नाही.

गणनेने अडणाऱ्या कामांची जात वेगळी. त्यांत कोणी कोणाची वाट पाहत नसते, त्यामुळे कॉल असिंक्रोनस केल्याने काही साधत नाही. आदेश एकाच थ्रेडवर चालवणाऱ्या रेडिस या डेटाबेसमध्ये कीज हा आदेश साऱ्या चाव्या एका दमात धुंडाळतो आणि तोवर बाकीचे ग्राहक थांबतात. स्कॅन तेच काम तुकड्यांनी करतो, फक्त एखादी चावी दोनदा मिळण्याची तयारी ठेवावी लागते. प्रचंड संच पुसताना अडू नये म्हणून ४.० आवृत्तीत अनलिंक आले: नाव लगेच काढायचे, स्मृती मागाहून दुसऱ्या थ्रेडवर मोकळी करायची. काम तुकड्यांत मोडत नसेल तर वेगळा थ्रेड, आणि नेहमीच्या पायथनमध्ये, एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणाऱ्या जागतिक कुलपामुळे, वेगळी प्रोसेसच.

अडणारी जागा सापडण्यासाठी लूपची सर्वांत लांब फेरी सतत मोजावी लागते. असिंकआयओ डीबग अवस्थेत १०० मिलिसेकंदांहून लांबलेले काम नोंदवते. नोडमध्ये लूपचा विलंब मोजण्याची सोय आहे. अँड्रॉइडने ३.० पासून मुख्य थ्रेडवरच्या नेटवर्क कॉलला थेट अपवाद फेकायला सुरुवात केली, आणि चांगली सवय लावण्याचा तो सर्वांत कमी वादाचा मार्ग ठरावा. जिथे असा पहारा नाही तिथे चाचणीतच नेमसर्व्हर मुद्दाम मुका करावा, कॅश रिकामी करून फाइली वाचाव्यात, नोंदी वाचणारा प्रोग्रॅम दहा सेकंद रोखून धरावा आणि त्या काळातली लांबलेली फेरी तपासावी.