प्रणाली बदलली तरी दप्तर हरवू नये

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य थांबविले. तेव्हापासून परळच्या चाळींतील मंडळे, वाचनालये आणि घरे यांपुढे प्रश्न उभा आहे : चालता संगणक भंगारात काढायचा काय? त्यावर विनाशुल्क लिनक्स बसविणे हा एक मार्ग आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही त्याच कुळातील. परंतु पहिल्याच दिवशी कार्यकर्ता गोंधळतो, ‘सी’ आणि ‘डी’ ड्राइव्ह कुठे गेले?

येथील मांडणीच निराळी आहे. सारे फोल्डर एकाच मुळापासून फांद्यांसारखे फुटतात. आपले दप्तर ‘होम’मध्ये असते. पेनड्राइव्हही त्याच वृक्षाची एक फांदी होतो. इंग्रजी नावातील मोठे व लहान अक्षर भिन्न मानले जाते. हे ध्यानात न घेतल्यास एकाच हिशेबाच्या दोन फाइली तयार होतात.

हे आठवडाभरात अंगवळणी पडते. खरा धोका वेगळाच आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली मराठी इतिवृत्ते, तो फॉन्ट नसेल तर, निरर्थक चिन्हे होऊन उघडतात. फाइल सापडते, मजकूर हरवतो! म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वीच ती युनिकोडमध्ये आणावीत, संपूर्ण दप्तराची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि नावात प्रथम वर्ष, मग विषय लिहावा.

स्वदेशी प्रणालीचा आग्रह योग्यच आहे. मात्र ज्या संस्थेला आपले दप्तर लावता येत नाही, तिचे परावलंबन कोणतीही प्रणाली दूर करू शकणार नाही.