श्रावणापुरती शपथ

गटारीच्या रात्रीं शुद्ध जाईपर्यंत प्यावी आणि श्रावण लागला म्हणून देवापुढें नारळ फोडून शपथ घ्यावी, ही आमच्याकडील जुनी चाल आहे. जो सणासुदीला चार घोट घेणारा, त्याचा महिना सुखानें जातो आणि तो मिशीला पीळ देऊन सांगतो, "बघा, मनांत आणलें कीं सोडली!" आमचा आजचा लेख त्याच्यासाठीं नाहीं. सकाळीं तोंड धुण्यापूर्वीं ज्याला घोट लागतो, त्याच्या घरच्या माणसांशीं आम्हांस बोलावयाचें आहे. कारण एका रात्रींत दारू तोडण्याचा हट्ट त्याच्या जिवावर बेतूं शकतो.

दारू मेंदूला गुंगवते. रोज गुंगी येऊं लागली म्हणजे मेंदू ती सोसून काम चालविण्यासाठीं आपला जोर वाढवून ठेवतो. चढावर भरली गाडी ओढतांना बैल पुढें रेटून असतात. मागची गाडी एकाएकीं सुटली तर ते तोंडघशीं पडायचेच. तसेंच येथें होतें. हात कापतात, घाम सुटतो, झोप जाते, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत कोणाला आकडी येते. दोन-तीन दिवसांनीं कोणाला अंथरुणावर किडे चालतांना दिसतात, तो मेलेल्या बापाशीं बोलतो, घरच्यांस ओळखत नाहीं. गांव म्हणतें, लागीर झालें! मग देवऋषी येतो, अंगारा लावतो, कोंबडें मागतो. तेवढ्या वेळांत रोगी हातचा गेला तरी कोंबडें देवऋषाच्या पोटांत जायचें तें जातेंच.

हें भूत नव्हे, दारू तुटल्याचा झटका आहे. दवाखान्यांत मेंदू शांत करणारें औषध देतात, थोड्या दिवसांत तें उतरतें करीत बंद करतात, आणि खंगलेल्या शरीरास बी-१ जीवनसत्त्व देतात. पिणाऱ्याला खोलींत कोंडून किंवा खांबाला बांधून सुधारूं पाहणाऱ्या भाऊबंदांस आमचें सांगणें इतकेंच कीं, बाबांनो, आधीं डॉक्टर गांठा.

दुसरा धंदा गुपचूप पुडीचा. 'रोग्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. पुडींत काय आहे हें विकणारा सांगत नाहीं. डायसल्फिराम नांवाचें एक खरें औषध आहे. दारूवर त्याचा उपयोग १९४० नंतरच्या दशकांत डेन्मार्क देशांत पुढें आला. तें पोटांत असतां वर दारू पडली कीं तोंड लाल होतें, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदय दुबळें असेल तर माणूस दगावूं शकतो. म्हणून तें रोग्यास सांगून, त्याच्या संमतीनें, डॉक्टरच्या देखरेखीखालींच द्यावयाचें असतें. नवऱ्याच्या कालवणांत पुडी मिसळणाऱ्या माउलीस आम्ही दोष देत नाहीं. तिच्या रडण्यावर दुकान मांडणाऱ्यास देतों.

आतां मनाचें. पीक गेलें, कर्ज वाढलें, हातमागावर नाहींतर भात्यावर पोट भरेना, म्हणून दुःख विसरावयास प्यालों असें पुष्कळ जण सांगतात, आणि तें खोटें नसतें. पण दारू उदासी घालवीत नाहीं, वाढविते. तशा अवस्थेंत मनुष्याच्या हातीं फवारणीचें औषध लागलें तर काय होतें हें खेड्यांतल्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. असा माणूस घरांत असेल तर तें विष कुलपांत ठेवा, नाहींतर शेजाऱ्याकडे द्या. उदासीचा उपचारही दारूच्या उपचाराबरोबरच झाला पाहिजे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें दारू व अमली पदार्थांपासून होणारे मनाचे विकार मानसिक आजारांत धरले आहेत. कायद्याला जें समजलें, तें भावकीच्या बैठकीला अजून समजलेलें नाहीं!

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणींत असें दिसलें कीं, दारूच्या पुऱ्या आहारीं गेलेल्या ३८ माणसांपैकीं एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीचे सदतीस शपथेवर आणि शिव्यांवर! जोतीराव फुले पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां शहरांत गुत्ते वाढत चालले म्हणून १८८० सालीं त्यांनीं लेखी हरकत घेतली होती. सरकार आजही दारूवर कर घेतें. कर वसूल करण्यास माणसें आहेत, मग दारूनें मोडलेल्यास तपासणारा मनोविकाराचा डॉक्टर प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यांत कां नसावा?

बरें होण्याची वाट लांब आहे, पण चाललेली आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत दोन दारुड्यांनीं, त्यांतला एक डॉक्टर, एकमेकांस सांभाळून दारू सोडली; त्यांतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. 'फक्त आजचा दिवस पिणार नाहीं' एवढाच त्यांचा नेम. जन्मभराची शपथ ते घालीत नाहींत. पुण्यास डॉ. अनिता अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण काढलें. तेथें पिऊन सुधारलेलीच माणसें नव्या रोग्यांस समजावतात आणि बायकांची बैठक वेगळी भरते. बायकांस वेगळें बसवितात हें आम्हांस फार मोलाचें वाटतें, कारण मार तिनें खाल्ला, कर्ज तिनें फेडलें, आणि 'तुझ्यामुळेंच पितो' हेंही तिनेंच ऐकलें.

एवढें करूनही माणूस पुन्हां पितो. तेव्हां जोडे काढूं नका. मधुमेह्याची साखर पुन्हां चढली तर आपण त्यास मारीत नाहीं. त्या दिवशीं काय झालें तें विचारा: वरात होती, मजुरीचे पैसे हातीं होते, कीं निवडणुकीच्या उमेदवारानें वाटली? आणि परत दवाखान्यांत न्या.

जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांच्या डॉक्टरची चौकशी करा. मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ आणि व्यसनासाठीं १४४४६ या सरकारी क्रमांकांवर फुकट बोलतां येतें. जातांना घरचें एक माणूस बरोबर असावें, आणि रोज किती पितो तें त्यानें खरें सांगावें. लाजेनें निम्मी सांगितली तर डॉक्टर औषधही निम्मेंच देईल, आणि तिसऱ्या रात्रीं किडे दिसूं लागतील.