हवा भरलेला पाइप आणि चरात उतरलेली पोरं

बायपासवरच्या नव्या पेट्रोल पंपाचं काम आठवडाभर येता-जाता बघतोय. गावात चर्चा एकच, शाळेपासून ५० मीटर अंतर भरतं की नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२० चा तो नियम आता पोरासोरांना पाठ झालाय. चांगलंच आहे. पण परवा दुपारी तिथं जे दिसलं त्यावर कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितोय.

टाकीपासून मशीनपर्यंत फायबरग्लासचे दुहेरी पाइप टाकलेत. आतल्या पाइपातून पेट्रोल, बाहेरचा राखणीला. आतला गळला तर पेट्रोल जमिनीत न मुरता बाहेरच्या पाइपात अडतं, उताराने चेंबरमध्ये येतं आणि तिथला सेन्सर बोंबलतो. पंपामागे ज्यांच्या विहिरी आणि बोअर आहेत त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पैसे वाचवायला एकेरी पाइप टाकला असता तरी वरून कुणाला दिसलं नसतं.

पुरण्याआधी या पाइपांचं टेस्टिंग होतं. परवा तेच चालू होतं. आतल्या पाइपात ५० पौंड हवा, कॉम्प्रेसर सुरूच, आणि दोन पोरं चरात जॉइंटवर तोंड नेऊन साबणाचं पाणी लावतायत. एकाच्या पायात स्लीपर.

हवाच का, पाणी का नाही? तर पाणी आत राहिलं की पंचाईत. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी लागलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला जातं. दोन पाइपांमधल्या फटीतलं पाणी तर नीट निघतच नाही, मग सेन्सर कायम खोटं ओरडत राहतो. म्हणून हवा. ठीक आहे. पण हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलं जात नाही, सगळा घोळ तिथं आहे. तीन इंची, ५० मीटर पाइपात ५० पौंड पाणी असेल आणि जॉइंट सुटला, तर सुटणारी ताकद एक वीट कमरेएवढ्या उंचीवरून पडावी इतकी. तिथंच हवा असेल तर? एक टनाची गाडी तीन मजले वर उचलावी इतकी. हिशेब मी दोनदा करून बघितला.

मी अठरा वर्षं पाइपलाइनच्या कामात काढली. एका साइटवर (नाव घेत नाही) रात्री चिकटवलेला जॉइंट सकाळी टेस्टला घेतला. पावसाळी थंडीत रेझिन वाळलंच नव्हतं. टोकाची डमी सुटली ती समोरच्या पत्र्याच्या शेडला भोक पाडून गेली. मधे कुणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. फायबरग्लासच्या जॉइंटला लोखंडासारखं वेल्डिंग नसतं, दोन भागांचं रेझिन कालवून चिकटवायचं असतं. ते घट्ट झाल्याशिवाय हवेला हात लावायचा नाही.

करायची रीत काही अवघड नाही हो. चर रिकामा करा, दोरी बांधा. पाइप टाकीपासून तोडून घ्या. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लावून हळूहळू, थांबत थांबत दाब चढवा. चढत असताना चरात कुणी नको. गळती शोधायला उतरायचं ते दाब खाली आणून. बाहेरच्या पाइपाला दाब अगदी कमी, पाचेक पौंड, कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढाच. आणि तेव्हा आतल्यात दाब ठेवायचा, नाहीतर आतला बाहेरून चेपतो. या पाच पौंडांसाठी १६० पौंडांचा गेज लावून उपयोग काय? एक पौंड उतरला तरी काटा हलल्याचं कळणार नाही. उन्हाचंही बघा. सकाळी पाच पौंड भरून दुपारी पाइपातली हवा वीस अंशांनी तापली, की काटा सव्वासहावर जातो. तेवढ्यात बारीक गळती सहज लपते.

आणि एक गोष्ट स्टँडजवळच्या जुन्या पंपाच्या मालकांसाठी. ज्या पाइपातून पेट्रोल गेलंय त्यात हवा अजिबात भरायची नाही. आत वाफ असते, हवा मिळाली की स्फोटाची तयारी पूर्ण. तिथं नायट्रोजनच लागतो. सिलिंडरचे पैसे वाचवू नका.

परवाना देणारी पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण नागपूरचा साहेब रोज चरावर उभा राहणार नाही, आणि कागदावर ‘टेस्ट ओके’ लिहायला पेन पुरतं. त्यामुळे माझी मालकांकडे आणि नगरपालिकेकडे मागणी साधी आहे. दाब किती, वेळ किती, गेज कुठला, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, तापमान, हे सगळं वहीत लिहा आणि मागच्या वस्तीतला कुणी मागेल तर दाखवा. ठेकेदार ती दोन पोरं बाहेरून आणतो, त्यांच्या वतीने विचारायला इथं कुणी नाही.

बाहेरच्या पाइपाचं टेस्टिंग सोमवारी आहे असं मुकादम म्हणाला. मी सकाळी आठला तिथं असेन. कॉलेजची इंजिनीअरिंगची मुलं आली तर गेज कसा वाचायचा ते दाखवतो. भांडायला येऊ नका, मुकादम माणूस चांगला आहे. त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही.