प्रथम वर्षाचा विद्यार्थी आणि मार्गदर्शनाचा बाजार

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की तालुक्याच्या गावी एक मांडव उभा राहतो. त्यास ‘करिअर मार्गदर्शन मेळावा’ असे म्हणतात. व्यासपीठावर संस्थाचालक, आमदार, भरती अकादमीचा मालक आणि नुकताच फौजदार झालेला एक तरुण बसलेला असतो. समोर सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली. तरुणाचा सत्कार होतो, जिद्दीपुढे काहीही अशक्य नाही हे तिघे वक्ते तीन प्रकारे सांगतात आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हाती अकादमीचे पत्रक पडते. या मांडवात एक प्रश्न मात्र कधीही विचारला जात नाही : जागा किती आहेत? असे मेळावे समाजवादी चळवळीतील काही कार्यकर्तेही मोठ्या हौसेने भरवू लागले आहेत. तेव्हा हा प्रश्न आता पक्षाच्या घरातच विचारणे भाग आहे.

२०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गास एक हजार व राखीव प्रवर्गास नऊशे रुपये. म्हणजे नोकरी लागण्यापूर्वीच बेकारांच्या खिशातून नव्वद कोटींच्या आसपास रक्कम गोळा झाली! २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज होते. तलाठ्याच्या एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार असतील, तर ते सारेच्या सारे पहाटे चारला उठून अभ्यासास बसले तरी निवड एकाचीच होणार. जिद्दीने रांगेतील क्रम बदलतो; रांगेच्या टोकाशी असलेल्या खुर्च्या वाढत नाहीत. त्या वाढवणे अथवा गोठवणे हे मंत्रालयातून ठरते. पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवल्यानंतर २०२२ मध्ये पंचाहत्तर हजार पदांच्या भरतीची घोषणा करणे राज्य सरकारला भाग पडले. ती पदे इतकी वर्षे रिकामी का होती, याचा जाब कोणत्याही मार्गदर्शन मेळाव्याने विचारला नाही.

कला शाखेच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्या खेड्यातील एखाद्या मुलीच्या डोळ्यांनी महाविद्यालयाकडे पाहावे. बारावीपर्यंत तिला एसटीचा पास मोफत होता. पदवीच्या वर्गात पाऊल टाकताच तिला सवलतीच्या पासाचा एकतृतीयांश भाडेहिस्सा भरावा लागतो. उच्च शिक्षणाने तिला शिकवलेला हा पहिला धडा. दुसरा धडा वेळापत्रकाच्या फलकापाशी मिळतो. विषयनिवडीचे स्वातंत्र्य, मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा विषय अशी भरगच्च यादी तेथे लागलेली असते. पण विचारणा केली की कळते, ज्या विषयाला शिक्षक आहे तोच विषय ‘निवडता’ येतो. आणि शिक्षक तरी कोण? सेट-नेट उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. मिळवलेला, चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ. तो घड्याळी तासिका तत्त्वावर असतो. सकाळी आठचा तास येथे घेऊन अकराच्या तासाला तो दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात मोटारसायकलवरून धावतो, कारण एकीकडच्या तासांवर घर चालत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत म्हणून मानधनही नाही. वर्गातील सर्वांत अधिक शिकलेल्या माणसाची ही अवस्था ती मुलगी रोज पाहते. शिक्षणाने माणसाचे काय होते याचे याहून प्रामाणिक मार्गदर्शन कोणत्या मांडवात मिळणार आहे?

तरीही महाविद्यालय तिला आवडते, हे विसरता कामा नये. तेथे ग्रंथालय आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आहे, वक्तृत्व स्पर्धा आहे. गावात जिच्याशी बोलणेही कठीण झाले असते, अशा दुसऱ्या जातीच्या मैत्रिणीबरोबर एका डब्यातून जेवण आहे. घरी लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वीची ही तीन वर्षे म्हणजे तिच्या आयुष्यातील एकमेव मोकळी जागा असते. ‘करिअर’ या शब्दाखाली ती याच जागेची मुदत वाढवून मागत असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने या मुदतीचे काय केले? २०२० च्या या धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षात सुरू झाली. त्यानुसार एका वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी मिळते. पूर्वी वर्षभरात शिक्षण सुटले की त्यास गळती म्हणत आणि तो दोष व्यवस्थेच्या खाती जमा होई. आता त्याच गळतीला कौशल्याच्या श्रेयांकांची जोड देऊन प्रमाणपत्र मिळते आणि ती विद्यार्थ्याच्या ‘निवडी’च्या खाती जमा होते. धोरणाचे समर्थक म्हणतात की रिकाम्या हाती घरी जाण्यापेक्षा काहीतरी हाती घेऊन जाणे बरे, शिवाय तीन वर्षांत परत येण्याची मुभा आहेच. मुभा आहे खरी! परंतु ज्या मुलीचे लग्न लावून दिले, जो मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला, त्यांना परत आणणारी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि गाड्या कोठे आहेत? बाहेर पडण्याचे दार रुंद केल्याने आत येण्याची वाट सोपी होत नाही.

आता पक्षातील मित्रांचा युक्तिवाद. ते म्हणतात, ‘मुलांना नोकरी हवी आहे, भाषणे नकोत, मेळावा भरवला तर निदान मुले आपल्याजवळ येतात.’ यात तथ्यांश आहे. नोकरीच्या इच्छेला मध्यमवर्गीय लालसा म्हणून हिणवण्याची खोड चळवळीत होती आणि ती चूक होती. भूमिहीन मजुराच्या घरात दरमहा ठरल्या तारखेला येणारा पगार म्हणजे मुकादमाच्या उचलीतून सुटका असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग घालून दिला तो याच जाणिवेतून. तेव्हा अभ्यासिका काढाव्यात, दिवे-खुर्च्या-पुस्तके द्यावीत. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उद्घाटनाच्या भाषणाबद्दल. अपयश म्हणजे वैयक्तिक आळस, हे तत्त्वज्ञान भरती अकादमीच्या मालकाने सांगणे समजण्यासारखे आहे. त्याचा धंदाच त्यावर चालतो. ते समाजवादी कार्यकर्त्याने सांगावे? सहाव्या प्रयत्नातही मागे पडलेला तरुण तिशीत गावी परततो, तेव्हा तो स्वतःलाच गुन्हेगार ठरवून परततो. तो सभेला येत नाही, मोर्चाला येत नाही. कधीकधी एखाद्या धर्मवेड्या टोळीच्या कट्ट्यावर मात्र सापडतो. कारण ‘तुझी नोकरी त्यांनी पळवली’ हे खोटे उत्तर तरी त्याला तेथे मिळते.

खरे उत्तर देण्याची संधी २०२३ च्या सप्टेंबरात आली होती. बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय निघाला, खासगी संस्थांची नावे मुक्रर झाली. तरुणांत संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. जागा कशा नाहीशा होतात आणि कशा वाचवता येतात, याचा हा वस्तुपाठ किती अभ्यासिकांत सांगितला गेला?

विद्यार्थ्यांनी राजकारणापासून दूर राहावे, असा उपदेश प्रवेशाच्या दिवशीच केला जातो. राज्यात १९९४ पासून महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. गुणवत्तेच्या नावाखाली प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये तयारी झाली, ती लांबणीवर पडली आणि त्यापुढची वर्षेही तशीच गेली. अठराव्या वर्षी जो नागरिक आमदार निवडतो, त्याला वर्गप्रतिनिधी निवडण्याची अक्कल नाही असे मानणारी ही व्यवस्था आहे. तिला भीती कशाची वाटते, हे इतिहासात नमूद आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे बिल वाढले. त्या ठिणगीतून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी मराठवाड्यात विकासाच्या आंदोलनाची सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली. पक्षाच्या वर्धापनदिनी या दोन्ही घटनांचे स्मरण गहिवरून होते. खाणावळीचे बिल आजही वाढते. ते किती वाढले हे विचारायला मात्र वसतिगृहात कोणी जात नाही.

पुढील प्रवेशाच्या हंगामात कार्यकर्त्यांनी मांडवाचा खर्च वाचवावा. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फळा पुरेसा आहे. फळ्यावर तीन आकडे लिहावेत : या महाविद्यालयात प्राध्यापकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती. चौथा आकडा तालुक्यातील तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्यसेवकांच्या रिक्त पदांचा असावा. हे आकडे कोणी आपणहून देणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, आणि त्यावर सही प्रथम वर्ष पार करून द्वितीय वर्षात जाणाऱ्या विद्यार्थिनीची असावी.