न्यायाधीशाला जे कळते ते यंत्राला सांगता येईल का?

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिझ्मी या नवव्या शतकातल्या मुस्लिम गणितज्ञाच्या नावावरून आला, म्हणून ही सारी क्रांती मुळात आपलीच देणगी! शब्दाची व्युत्पत्ती खरी आहे आणि अल-ख्वारिझ्मीचे कामही मोठेच आहे. पण अकराशे वर्षांपूर्वीच्या नावावर समाधान मानण्याच्या नादात आपण अवघ्या पन्नास वर्षांपूर्वीचा एक वाद विसरतो. तो वाद एआयच्या पहिल्या पिढीतल्या संशोधकांमध्येच झाला. त्याच्याशी आपला संबंध त्या मेसेजपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

वादाच्या एका बाजूला होते जॉन मॅकार्थी. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव त्यांनीच रूढ केले. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जी बैठक झाली, तिच्या प्रस्तावात हे नाव होते. दुसऱ्या बाजूला होते एमआयटीचे जोसेफ वायझेनबाम. जन्म १९२३ चा, बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबातला. नाझी राजवटीतून १९३६ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला निघून गेले. वायझेनबाम यंत्रविरोधी नव्हते. १९५० च्या दशकात बँकेचे व्यवहार संगणकावर आणण्याच्या मोठ्या प्रकल्पावर त्यांनी काम केले होते.

१९६६ मध्ये त्यांनी 'एलायझा' हा संवाद साधणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. नाव घेतले बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'च्या नायिकेचे. याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केले. एलायझा मानसोपचारतज्ज्ञासारखी बोलायची. तुमच्याच वाक्यातला शब्द उचलून ती प्रश्न करून परत द्यायची. आईचा उल्लेख केला की कुटुंबाबद्दल अजून सांगा म्हणायची. समजणे वगैरे काही नव्हते, नुसती शब्दांची अदलाबदल. पण वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने, जिने हा प्रोग्राम महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता, चार वाक्ये बोलून झाल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. तिला एलायझाशी खासगीत बोलायचे होते. त्याच सुमारास केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने अशा यंत्रणेतून तासाला शेकडो रुग्ण हाताळता येतील, अशी शक्यता मांडली.

वायझेनबाम हादरले ते इथे. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हे काम माणसाने यंत्राकडे सोपवावे, असे शहाण्यासुरत्या डॉक्टरला वाटूच कसे शकते? १९७६ मध्ये त्यांनी 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक लिहिले. त्यात मॅकार्थींचा एक प्रश्न येतो. न्यायाधीशाला असे काय ठाऊक असते, जे संगणकाला सांगता येणार नाही? मॅकार्थींनी या पुस्तकावर कडक टीका केली. ते उपदेशाचा सूर लावते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या प्रश्नावर मात्र ते ठाम राहिले. आज नाही, पण कधीतरी सांगता येईल, एवढीच दुरुस्ती त्यांनी केली.

वायझेनबाम यांचे म्हणणे वेगळ्याच अंगाने जाते. यंत्राला ते काम जमेल का, हा प्रश्नच दुय्यम आहे. जमले तरी द्यावे का, हा खरा प्रश्न. हिशेब करून उत्तर काढणे एक आणि माणूस म्हणून निवड करणे दुसरे.

मला इथे हजरत उमर आठवतात. परंपरेत नोंद आहे की, हिजरी १८ च्या भीषण दुष्काळात त्यांनी चोरीची ठरलेली शिक्षा थांबवली. लोकांचे हाल संपेपर्यंत तूप-लोण्याला हात लावणार नाही, असेही त्यांनी ठरवले होते. मॅकार्थी म्हणाले असते, सोपे आहे, 'दुष्काळ असेल तर शिक्षा थांबवा' हा नियम यंत्रात घाला. घालता येईल, कबूल. पण तो अपवाद कुणीतरी आधी करावा लागतो. ज्याला भूक माहीत आहे, तोच तो करतो. शिवाय त्या निर्णयाबद्दल त्याला लोकांपुढे आणि खुदापुढे जाब द्यायचा असतो. यंत्राला भूक नाही आणि जाबही नाही.

यावर एक आक्षेप आपल्यातूनच येईल, आणि तो गंभीर आहे. माणसांनी तरी आपल्याला कुठे न्याय दिला? नाव पाहून संशय घेणारा पोलीस माणूसच होता. वर्षानुवर्षे कच्चे कैदी म्हणून तुरुंगात राहून निर्दोष सुटलेली पोरे माणसांच्याच हातून गेली. यंत्र निदान धर्म तरी बघणार नाही!

हा भ्रम आहे. यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून. ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरले, तिथल्या नोंदी जास्त. मग यंत्रही त्याच वस्तीकडे बोट दाखवणार. पूर्वग्रह तोच राहतो, फक्त त्यावर विज्ञानाचा शिक्का बसतो. माणसाची निदान उलटतपासणी घेता येते.

हे दूरचे नाही. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, दिल्ली दंगलीतल्या ११०० हून अधिक लोकांची ओळख चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने पटवली गेली. पुढे माहिती अधिकाराच्या उत्तरात दिल्ली पोलिसांनी सांगितले की, ८० टक्क्यांहून जास्त जुळणी झाली तर ती ग्राह्य धरतात. ८० च का? ७० किंवा ९५ का नाही? आपल्या राज्यातही २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्वेल' ही एआय कंपनी स्थापन झाली. गुन्ह्याच्या तपासाला तंत्रज्ञानाची मदत घ्यायला कुणाची हरकत नसावी. पण 'मदत' कुठे संपते आणि 'निर्णय' कुठे सुरू होतो, ही रेघ कुणी आखली, हे विचारायलाच हवे.

फिक्हमध्ये एक जुने तत्त्व आहे की, शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टाळावी. आधुनिक कायदाही संशयाचा फायदा आरोपीलाच देतो. सॉफ्टवेअरच्या ८० टक्क्यांत २० टक्के शंका उघड लिहिलेली आहे. तिचा फायदा कुणाला मिळतो, हे आपल्या वकिलांनी प्रत्येक खटल्यात विचारले पाहिजे. कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या फोटोशी जुळवले, जुळणी किती, आणि त्यावर सही कोणत्या अधिकाऱ्याची?

आणि आपल्या घरांतून आज जी मुले-मुली संगणक अभियंते होत आहेत, त्यांना अल-ख्वारिझ्मीचे नाव जरूर सांगा. पण सोबत त्या बर्लिनच्या निर्वासित मुलाचेही सांगा. उद्या तेच असले प्रोग्राम लिहिणार आहेत. तेव्हा 'हे करता येईल का' याच्या आधी 'हे करावे का' असे विचारणारा निदान एक जण त्या खोलीत असू दे.