याबेस : वेदनेत ठेवलेले नाव

आपल्या घराण्यांतून पिढ्यानुपिढ्या पेद्रू, जुजे, अंतोन, फ्रान्सिस ही नावे चालत आली आहेत. आजोबांचे नाव नातवास द्यावे, किंवा ज्या संताच्या सणाला बालक जन्मास आले त्याचे द्यावे, अशी आपली रीत. अलीकडे जुना करार चाळून त्यातील एखादे अपरिचित नाव निवडणारे आईबापही आढळतात. त्यात वावगे काही नाही. मात्र नाव कानाला गोड लागले एवढ्यावरच न थांबता त्याच्या पोटी काय दडले आहे, हे पाहिलेले बरे. अशाच एका नावाची आज आम्ही वाचकांना ओळख करून देत आहोत. ते नाव म्हणजे याबेस.

इतिहासाच्या पहिल्या ग्रंथातील आरंभीचे नऊ अध्याय बहुतांशी वंशावळींनीच भरले आहेत. अमक्याचा पुत्र तमका, ही मालिका वाचता वाचता वाचक कंटाळतो आणि पाने उलटतो. परंतु चौथ्या अध्यायात, यहूदाच्या वंशजांची यादी चालू असता, नवव्या व दहाव्या वचनांपुरती लेखकाची लेखणी एका मनुष्यापाशी थांबते. त्याच्या पित्याचे नाव तेथे नाही, पराक्रमाची कथा नाही. तो आपल्या बंधूंहून अधिक सन्माननीय होता, आणि आपण त्याला वेदनेत जन्म दिला म्हणून मातेने त्याचे नाव याबेस ठेवले, एवढेच सांगितले आहे.

मूळ हिब्रू भाषेत या नावाचा उच्चार ‘याबेत्स’ असा काहीसा होतो. वेदनेला त्या भाषेत ‘ओत्सेब’ म्हणतात. दोहोंतील मूळ अक्षरे तीच; फक्त शेवटच्या दोहोंची अदलाबदल झालेली आहे. एदेन बागेतील पतनानंतर, तू वेदनेने लेकरांना जन्म देशील, असे परमेश्वराने एवेला सांगितले. तेथेही याच धातूपासून झालेला शब्द आहे. मातेची ती वेदना केवळ प्रसूतीची होती की घरावर दुसरे काही संकट कोसळले होते, याविषयी शास्त्र मौन पाळते.

हिब्रू लोकांत नाव ही केवळ हाक मारण्याची सोय नव्हती; नावात मनुष्याचे भवितव्य सामावलेले असते, अशी त्यांची समजूत होती. राहेल बाळंतपणात मरण पावली तेव्हा तिने पुत्राचे नाव ‘बेनओनी’, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवले. पण याकोबाने ते बदलून ‘बन्यामीन’, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र, असे केले. याबेसाचे नाव बदलण्यास असे कोणी पुढे आल्याचे दिसत नाही. त्याने ते स्वतःही टाकले नाही, की मातेला दोष दिला नाही. तो इस्राएलाच्या देवाला शरण गेला. मला आशीर्वाद दे, माझ्या सीमा वाढव, तुझा हात माझ्यावर असू दे आणि मला वेदना होऊ नये म्हणून अरिष्टापासून राख, अशी त्याची याचना होती. तिच्या अखेरीस येणारा वेदनेचा शब्द त्याच्या नावाशी जुळणाराच आहे. जे नावाने लादले, तेच त्याने देवापुढे नेऊन ठेवले. आणि देवाने त्याची विनंती मान्य केली.

संतांच्या नावांपेक्षा जुन्या करारातील नावांकडे अधिक ओढा असलेल्या इंग्लंडातील प्युरिटन लोकांत हे नाव ‘जाबेझ’ या रूपाने शिरले. प्रोटेस्टंट मिशनरी विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, हे अनेकांस ठाऊक असेल. त्यांच्या एका पुत्राचे नाव जाबेझ होते. १७९३ साली हे कुटुंब हिंदुस्थानास निघाले तेव्हा तो अवघ्या काही आठवड्यांचा होता. २००० साली अमेरिकेत याबेसाच्या प्रार्थनेवर निघालेले एक छोटे पुस्तक लक्षावधी प्रतींनी खपले, आणि पुष्कळांनी ती प्रार्थना धनप्राप्तीचा मंत्रच मानली. तो तिचा विपर्यास होय.

आपल्याकडेही दगडू, धोंडू ही नावे आधीची लेकरे दगावल्यावर दृष्ट लागू नये म्हणून ठेवीत. मुलगी नको असताना झाली म्हणून ‘नकुशी’ हे नावही ठेवले गेले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलता येते. पण जिभेवरचे शब्द बदलणे कठीण. हा जन्मला आणि बाप गेला, ही पांढऱ्या पायाची, असे बोल ज्या लेकराच्या कानी नित्य पडतात, त्याचे नाव फ्रान्सिस असो वा मारिया, त्याला आपण मूळचे ‘याबेस’च करून सोडतो.

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार, आईबापांनी ख्रिस्ती नाव सुचविले नाही, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडावयाचे असे. १९८३ च्या संहितेचे कलम ८५५ ख्रिस्ती भावनेला परके नाव नसावे, इतकीच काळजी घेण्यास सांगते. तेव्हा याबेस हे नाव स्नानसंस्काराच्या वेळी खुशाल द्यावे. मात्र ज्यांनी ते दिले, त्या आईबापांनी लेकराला नववे वचन सांगून थांबू नये, दहावेही सांगावे.